काळोखाचा नकाशा काढणारा ज्योतिर्विद : एडवर्ड इमर्सन बार्नार्ड

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थापकांच्या आठवणी, देणगीदारांचे ऋणनिर्देश आणि रंगमंचावर गाजलेल्या नाटकांचे वृत्तांत यांना मानाचे पान मिळावे, हे योग्यच आहे. त्या पंक्तीत एका परदेशी ज्योतिर्विदाचे चरित्र आम्ही का मांडतो आहोत, याचा खुलासा प्रथम करावयास हवा. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवाचा हिशेब मिटल्यावर कार्यकर्त्यांची कुटुंबे शहरापासून दूर एका धरणाकाठी मुक्कामास गेली होती. विसर्जनाला दोन आठवडे लोटले होते, त्यामुळे रात्र चांदण्याविना. पाऊस ओसरला होता, त्यामुळे आकाश धुतल्यासारखे. शहराच्या दिव्यांत कधीही न दिसणारी आकाशगंगा माथ्यावरून दक्षिणेकडे उतरत गेलेली मुलांनी त्या रात्री प्रथमच पाहिली. त्यांतील एका मुलाने तिच्या मधोमध गेलेल्या काळ्या पट्ट्याकडे बोट दाखवून तेथे काय आहे, असे विचारले. वडीलधाऱ्यांच्या अंगी असलेल्या सहजतेने आम्ही सांगून टाकले की तेथे काहीच नाही. तारे नाहीत म्हणून ती जागा काळी दिसते.

ते उत्तर साफ चुकीचे होते. घरी परतल्यावर पुस्तके चाळली तेव्हा ते आमच्या ध्यानात आले आणि मनास रुखरुख लागून राहिली. समाधान एवढेच, की ह्या चुकीत आम्हांस मोठी संगत आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये स्वहस्ते घडविलेल्या दुर्बिणींतून आकाशाची मोजदाद करणारे विल्यम हर्शेल यांना वृश्चिक राशीत अशी एक निस्तारक जागा आढळली, तेव्हा त्यांनाही ते आकाशास पडलेले भगदाडच वाटले होते. आणि ज्या पुरुषाने ही चूक अखेर दुरुस्त केली, तोही जवळजवळ पंचवीस वर्षे तीच समजूत बाळगून होता. त्या पुरुषाचे नाव एडवर्ड इमर्सन बार्नार्ड.

बार्नार्ड यांचा जन्म १६ डिसेंबर १८५७ रोजी अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल ह्या गावी झाला. वडील त्यांच्या जन्मापूर्वीच वारले होते. दोन मुलांचा सांभाळ एकट्या आईवर पडला. एडवर्ड तीन-साडेतीन वर्षांचा असताना, १८६१ साली, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि नॅशव्हिलच्या आसपास सैन्यांची धुमश्चक्री सुरू झाली. उपासमार, आजार आणि दारिद्र्य यांखेरीज त्या बालपणात सांगण्यासारखे फारसे नाही. युद्धानंतर गावात पटकीची साथ आली, तिच्यातून मुलगा कसाबसा वाचला. शाळेचे तोंड त्याने सारे मिळून दोन महिने पाहिले. वाचावयास शिकविले ते आईने. उन्हाळ्याच्या रात्री एका उघड्या गाडीत उताणा पडून तो आकाश न्याहाळीत असे. माथ्यावर येणारा एक निळसर तेजस्वी तारा त्याच्या विशेष ओळखीचा झाला होता. त्या ताऱ्यास काही नाव असेल हे त्यास ठाऊक नव्हते, आणि सांगणारेही घरात कोणी नव्हते. तो तारा म्हणजे आपला अभिजित.

वयाची नऊ वर्षेही पुरी झाली नव्हती तोच त्यास एका छायाचित्रकाराच्या दुकानी कामास लावण्यात आले. त्या काळी विजेचे दिवे नव्हते. काचेवरील छोटे चित्र कागदावर मोठे करावयाचे तर सूर्यप्रकाश वापरावा लागे. त्यासाठी दुकानाच्या गच्चीवर एक अवजड यंत्र बसविले होते. सूर्य आकाशात सरकेल तसतसे त्या यंत्राचे तोंड चाके फिरवून सूर्याकडे धरून ठेवणे, हे ह्या मुलाचे काम. तासन्‌तास उन्हात उभे राहून तेच ते करावयाचे! पूर्वीची पोरे त्या कंटाळवाण्या कामावर डुलक्या घेत. हा पोर मात्र जागा राहिला. ज्योतिर्विदाच्या साऱ्या शिक्षणाचा पाया त्या गच्चीवर घातला गेला, असे आम्हांस वाटते. आकाशातील वस्तू स्थिर नसते, तिच्यामागे चिकाटीने जावे लागते आणि जराही नजर हलली तर चित्र बिघडते, हे त्यास कोणत्याही ग्रंथावाचून कळले. त्या दुकानात त्याची सुमारे सतरा वर्षे गेली. काच, रसायने आणि भिंगे यांवर त्याचा हात बसला तो तेथेच.

१८७६ साली एका परिचिताने त्यांच्याकडून दोन डॉलर उसने घेतले आणि तारण म्हणून एक पुस्तक ठेवले. पैसे काही परत आले नाहीत. ते पुस्तक टॉमस डिक ह्या स्कॉटिश लेखकाचे ज्योतिषविषयक निघाले. त्यातील ताऱ्यांचे नकाशे खिडकीतून दिसणाऱ्या आकाशाशी ताडून पाहताना बालपणच्या सोबत्यांची नावे त्यांना प्रथमच समजली. त्यानंतर त्यांनी पाच इंची दुर्बीण विकत घेतली. तिची किंमत ३८० डॉलर, म्हणजे त्यांच्या वर्षाच्या मिळकतीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग! आई आजारी, शिल्लक नाही, आणि मुलगा दुर्बिणीवर असा खर्च करतो, हे पाहून शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय वाटले असेल याची कल्पना आपल्यापैकी कोणासही करता येईल.

पुढच्याच वर्षी, १८७७ साली, अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या परिषदेचे अधिवेशन नॅशव्हिल येथे भरले. सायमन न्यूकम हे त्या काळचे थोर गणिती ज्योतिर्विद तेथे आले होते. एकोणीस वर्षांचे बार्नार्ड मोठ्या धीराने त्यांच्यापुढे गेले आणि आपल्यासारख्याने काय करावे, असे विचारते झाले. गणित येत नसेल तर ज्योतिषाच्या नादी लागण्यात अर्थ नाही, अशा आशयाचे कोरडे उत्तर मिळाले. तरुण बार्नार्ड एका खांबाआड जाऊन रडले. परंतु त्या उत्तरातील खरे तेवढे त्यांनी उचलले आणि पदरचे पैसे देऊन गणिताची शिकवणी लावली. तथापि त्या दिवसाचा एक व्रण कायमचा राहिला असावा. आपण शिकलेले नाही, आपल्या डोळ्यांस दिसले ते सांगावे, अर्थ लावणे शिकलेल्यांचे काम, असा एक संकोच त्यांच्या लेखनात पुढे अखेरपर्यंत आढळतो. आमच्या कथेत ह्या संकोचाला महत्त्व आहे.

१८८१ साली ऱ्होडा कॅल्व्हर्ट ह्या इंग्रज युवतीशी त्यांचा विवाह झाला. तिचे बंधू त्याच दुकानात चित्रकार होते. त्याच वर्षी त्यांना पहिला धूमकेतू सापडला. रॉचेस्टर येथील एका धनिकाने नव्या धूमकेतूच्या शोधास २०० डॉलरचे पारितोषिक जाहीर केले होते. त्या पैशांत बार्नार्ड दांपत्याने घराचा पाया घातला; पुढे कर्जाचा हप्ता थकला की नेमका नवा धूमकेतू सापडे, असे नॅशव्हिलकर थट्टेने म्हणत. आयुष्यात त्यांनी सोळाच्या वर धूमकेतू शोधले. ह्या कीर्तीमुळे १८८३ साली गावच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना विद्यावेतन देऊन लहानशा वेधशाळेचा कारभार सोपविला. पंचविशी ओलांडलेला हा गृहस्थ कोवळ्या विद्यार्थ्यांच्या बाकावर बसून गणित आणि भाषा शिकू लागला.

१८८७ साली पती-पत्नींनी जन्मगाव सोडले आणि तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर, पॅसिफिक महासागराच्या बाजूस, कॅलिफोर्निया गाठले. हॅमिल्टन पर्वतावर लिक वेधशाळा उभी राहत होती. परंतु ती अद्याप तयारच नव्हती! तेव्हा काही महिने बार्नार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एका वकिलाच्या कचेरीत कागदपत्रे नकलून पोट भरले. बदलीच्या गावी बिऱ्हाड नेऊन जागा रिकामी होण्याची वाट पाहिलेल्या आपल्या मंडळींना हा प्रसंग परका वाटू नये. १८८८ साली वेधशाळा सुरू झाली. तिची छत्तीस इंची दुर्बीण तेव्हा भिंगाच्या दुर्बिणींत जगात सर्वांत मोठी होती, पण संचालक ती ह्या नवख्या सहायकाच्या हाती देईनात. बऱ्याच कुरबुरींनंतर, १८९२ च्या उन्हाळ्यात, आठवड्यातून एक रात्र, शुक्रवारची, त्यांच्या वाट्यास आली. ९ सप्टेंबर १८९२ च्या शुक्रवारी त्यांनी गुरूचे झगझगीत बिंब दृष्टिक्षेत्राबाहेर ठेवून त्याच्या कडेचा अंधार न्याहाळला आणि गुरूचा पाचवा उपग्रह शोधून काढला. गॅलिलिओने १६१० साली चार उपग्रह पाहिले होते. त्यानंतर २८२ वर्षांनी पाचवा सापडला. अमाल्थिया असे नाव मिळालेला हा उपग्रह नुसत्या डोळ्याने दुर्बिणीतून शोधलेला शेवटचा उपग्रह ठरला. सारे जग बार्नार्ड यांस ओळखू लागले.

परंतु त्यांचे चिरस्थायी काम वेगळेच होते, आणि त्याचा आरंभ आधीच, १८८९ साली, झाला होता. माणसांची छायाचित्रे काढण्यासाठी केलेले एक सहा इंची जुने भिंग वेधशाळेकडे होते. ते एका पेटीस जोडून बार्नार्ड यांनी आकाशगंगेकडे रोखले. मोठ्या दुर्बिणीतून आकाशाचा चिमूटभर तुकडा दिसतो. ह्या भिंगातून मोठा पट्टा एकदम दिसे. काच तीन-चार तास उघडी ठेवावी लागे आणि तेवढा वेळ शेजारच्या दुर्बिणीतील तारा सूत्रावरून ढळू न देता धरून ठेवावा लागे. नॅशव्हिलच्या गच्चीवर सूर्यामागे चाके फिरविणाऱ्या पोराला हे नवे नव्हते. त्या काचांवर उमटले ते तोवर कोणीही पाहिले नव्हते. पिठाच्या राशींप्रमाणे दाटलेले तारे, आणि त्यांतून वेड्यावाकड्या गेलेल्या काळ्या वाटा, काळी विवरे, काळे डाग!

हे डाग म्हणजे ताऱ्यांच्या राशीतील रिकाम्या जागा, असे बार्नार्ड यांनी धरले. लंडनमध्ये विज्ञानविषयक नियतकालिक चालविणारे रॅन्यार्ड यांनी ही चित्रे पाहून १८९४ साली निराळे मत मांडले. हे प्रकाश अडविणारे पदार्थ असावेत, असा त्यांचा कयास. त्यामागील युक्तिवाद समजण्यास सोपा आहे. तारे आपल्यापासून खोलवर पसरलेले आहेत. त्यांच्यामधून मोकळी जागा आरपार दिसावयाची तर ते नुसते भोक असून चालत नाही, लांबच लांब बोगदा असावा लागतो. एखादा बोगदा नेमका पृथ्वीकडे तोंड करून असेल. शेकडो बोगदे सारे आपल्याच रोखाने खणले गेले असावेत, हे कसे संभवावे? बार्नार्ड यांनी हे ऐकले, पण मान्य केले नाही. ज्याने सर्वांहून चांगली चित्रे घेतली होती त्यालाच त्यांचा अर्थ मानवत नव्हता. पुरावा पुरेसा नाही, हेच त्यांचे म्हणणे.

१८९५ साली ते शिकागो विद्यापीठाच्या सेवेत गेले आणि विस्कॉन्सिनमधील विल्यम्स बे येथे यर्किस वेधशाळेत स्थिरावले. तेथील चाळीस इंची दुर्बीण भिंगाच्या दुर्बिणींत आजही सर्वांत मोठी गणली जाते. १८९७ च्या मे महिन्यात एका पहाटे घुमटाखालची सरकती जमीन कोसळली. बार्नार्ड काही तासच अगोदर काम आटोपून घरी गेले होते, म्हणून वाचले. त्या गावी हिवाळा कडाक्याचा. पारा शून्याच्या कितीतरी खाली उतरला असताना तापवणीवाचून घुमटाखाली ते रात्ररात्र बसत. निरभ्र रात्र वाया घालविणे त्यांना पाप वाटे. १९०४ साली दहा इंची ब्रूस दुर्बीण खास छायाचित्रांसाठी सिद्ध झाली. १९०५ साली ती कॅलिफोर्नियातील विल्सन पर्वतावर नेऊन त्यांनी काही महिन्यांत आकाशगंगेच्या दक्षिण भागाचे चित्रण केले. वृषभ राशीतील एका काचेवर त्यांना अंधुक उजळ धुके दिसले आणि त्याच धुक्यातून निघून पलीकडे ताऱ्यांत शिरलेल्या काळ्या वाटा दिसल्या. उजळ आणि काळे एकाच अंगाचे असावे, अशी शंका येथे बळावली.

मग १९१३ च्या उन्हाळ्यात एका चंद्ररहित रात्री यर्किसच्या प्रांगणात ब्रूस दुर्बिणीशेजारी ते उभे होते. धनु राशीतील तेजस्वी तारकामेघांवर पृथ्वीवरच्याच काही चिमुकल्या ढगांचा थवा आला. त्यांतील काही चंद्रबिंबाएवढेही नव्हते, कडा रेखीव होत्या, आणि मागील प्रकाशावर ते बुक्क्याच्या ठिपक्यांसारखे काळे कुळकुळीत दिसत होते. चोवीस वर्षे काचांवर जे पाहिले तेच आता डोळ्यांपुढे तरंगत होते. आणि हे तर भगदाड नव्हते, ढग होते! ज्या पुराव्याची ते वाट पाहत होते तो कोणत्याही समीकरणात नव्हता. १९१६ साली त्यांनी आपला मतबदल प्रसिद्ध केला आणि १९१९ साली अशा १८२ काळ्या डागांची यादी छापली. प्रत्येक डाग मेघच आहे असा हट्ट त्यांनी तेव्हाही धरला नाही. काही जागा खरोखर मोकळ्या असू शकतील, अशी पुस्ती जोडलीच. परंतु आकाशात न दिसणारे द्रव्य आहे, आणि पुष्कळ आहे, हे त्या यादीने ज्योतिषशास्त्रात कायमचे दाखल केले.

उतारवयात मधुमेहाने त्यांस ग्रासले. १९२१ साली ऱ्होडाबाई वारल्या. मूलबाळ नव्हते. ऱ्होडाबाईंची भाची मेरी कॅल्व्हर्ट घर पाही आणि कार्यालयात त्यांची साहाय्यक म्हणून गणिते व नोंदी करी. आकाशगंगेच्या चित्रांचा ग्रंथ काढण्याचे काम वर्षानुवर्षे चालले होते, कारण छापखान्याच्या शाईत मेघांच्या सूक्ष्म छटा उतरत नाहीत, असे बार्नार्ड यांचे म्हणणे होते. प्रत्येक प्रतीत खरी छायाचित्रेच चिकटवावयाची असे ठरले. त्यासाठी काढलेले ३५,००० हून अधिक छापे त्यांनी स्वतः एकेक करून तपासले. ग्रंथ मात्र त्यांस पाहावयास मिळाला नाही. ६ फेब्रुवारी १९२३ रोजी विल्यम्स बे येथे त्यांचे निधन झाले. देह नॅशव्हिलला नेण्यात आला. छत्तीस वर्षांपूर्वी सोडलेल्या गावच्या मातीत ते विसावले. वेधशाळेचे संचालक फ्रॉस्ट आणि मेरी कॅल्व्हर्ट यांनी १९२७ साली ग्रंथ पुरा केला. त्यातील याद्यांत काळ्या मेघांची संख्या ३४९ झाली होती.

मेघ आहेत एवढे ठरले; ते कशासाठी आहेत, हे बार्नार्ड यांस कळले नाही. ते त्यांच्यामागून कळले, आणि तेथेच ह्या चरित्राचे खरे फळ आहे. १९३० साली ट्रम्प्लर यांनी ताऱ्यांमधील पोकळीत प्रकाश शोषणारी धूळ सर्वत्र आहे हे मोजून दाखविले. १९४७ साली बार्ट बॉक आणि एडिथ रायली यांनी अशा लहान, गोलसर काळ्या मेघांत तारे जन्मत असावेत, असे सुचविले. पुढे रेडिओ दुर्बिणींनी ह्या मेघांतील रेणू ओळखले. १९६८ साली अमोनिया आणि १९७० साली कार्बन मोनॉक्साइड सापडला. आज ठाऊक आहे ते असे. काळ्या मेघात मुख्यत्वे हायड्रोजनचे रेणू असतात. धूरकणांसारखी सूक्ष्म धूळ वस्तुमानाच्या शंभरात एक भाग. ताऱ्यांमधील मोकळ्या अवकाशात घनसेंटिमीटरमागे सरासरी एखादा अणू, तर मेघाच्या दाट गाभ्यात दहा हजारांपासून दहा लाखांपर्यंत रेणू. धूळ बाहेरचा प्रकाश आत येऊ देत नाही, म्हणून आत कमालीची थंडी, शून्याखाली २५० ते २६५ अंश सेल्सिअस.

ही थंडीच ताऱ्याच्या जन्माची अट आहे. उष्णता म्हणजे रेणूंची धावपळ. ती मेघाला बाहेर ढकलते, तर गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढते. मेघ जितका थंड तितका बाहेरचा रेटा दुबळा, आणि विशिष्ट वस्तुमानाच्या वर गुरुत्वाकर्षणाची सरशी होऊन मेघ आतल्या आत कोसळू लागतो. हे गणित जेम्स जीन्स यांनी १९०२ सालीच मांडले होते. जगातील सर्वांत उष्ण वस्तूंचा गर्भ सर्वांत थंड जागी राहतो, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. पण कारण एवढे साधे आहे.

परंतु येथेच एक पेच उभा राहतो. जीन्स यांचे गणित सांगते की अशा थंड, दाट मेघाचे तुकडे व्हावेत ते साधारण सूर्याएवढ्या वस्तुमानाचे. मग सूर्याच्या वीसपट, पन्नासपट वस्तुमानाचे महाकाय तारे येतात कोठून? त्यांचे जन्मस्थान शोधणे कठीण, कारण असे तारे विरळा, दूरचे आणि अतिशय घाईने घडणारे. त्यांचे पाळणे सापडले ते बार्नार्ड यांच्याच युक्तीने. अवरक्त किरणांत साधे काळे मेघ पारदर्शक होतात; बार्नार्ड यांच्या यादीतील अडुसष्टाव्या मेघामागचे तारे चिलीतील युरोपीय दुर्बिणींनी अशाच किरणांत टिपले आणि तो वृत्तांत २००१ साली प्रसिद्ध झाला. पण १९९५ आणि १९९६ साली सोडलेल्या दोन उपग्रहांनी आकाशगंगेचा पट्टा अवरक्तात चितारला, तेव्हा त्या किरणांतही काळेच राहिलेले शेकडो डाग दिसले. ही भगदाडे की मेघ, हा शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा विचारावा लागला! अधिक लांबीच्या लहरींत ते डाग स्वतःच मंदपणे तेवताना आढळले. ते मेघच होते. शेकडो ते हजारो सूर्यांच्या वस्तुमानाचे, हजारो प्रकाशवर्षे दूर, आणि बर्फाहून कितीतरी थंड.

त्या मेघांत महाकाय ताऱ्याची सुरुवात कशी होते, याविषयी दोन मते आहेत. एक मत असे, की मेघातील खळबळ आणि चुंबकीय क्षेत्र मोठ्या गाभ्याचे तुकडे होऊ देत नाहीत आणि तो अखंड कोसळतो. दुसरे मत असे, की आरंभी बीज लहानच असते. पण मेघातील वायूच्या लांब धारा जेथे एकत्र मिळतात त्या संगमावर ते बसलेले असते, म्हणून त्यास सतत खाद्य मिळत राहते. चिलीतील अटाकामा वाळवंटात ५,००० मीटर उंचीवर असलेल्या आल्मा ह्या ६६ अँटेनांच्या दुर्बिणीने अगदी थंड अवस्थेतील मेघ पाहिले, तेव्हा तयार महाकाय गाभे फार थोडे आणि लहान-मध्यम गाभे पुष्कळ आढळले. त्यामुळे दुसऱ्या मताचे पारडे जड होत आहे. निकाल लागलेला नाही. पुढे सूर्याच्या आठपटींवर गेलेले बीज, वरून वायू पडत असतानाच, आत पेटते. त्याचा प्रकाश येणारी धूळ परतवू पाहतो. पण वायू चकतीच्या वाटेने आत येतो आणि प्रकाश ध्रुवांकडून निसटतो, म्हणून वाढ चालू राहते. हे सारे काही लाख वर्षांत घडते. मग तीव्र किरणांनी भोवतालचा मेघ उजळून फाटतो. मृग नक्षत्रातील तेजोमेघ हा असा फाटलेला पाळणा असून, त्याच नक्षत्रात बार्नार्ड यांच्या यादीतील तेहतिसावा, घोड्याच्या मुंडक्यासारखा काळा मेघही आहे.

ह्या शोधात आपल्या देशाचाही वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण हैदराबादहून फुग्याने वातावरणाच्या वर पाठवून अशा मेघांतील थंड धूळ मोजली. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे त्याच संस्थेची तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. महाकाय ताऱ्यांनी भोवती तापविलेल्या वायूचे नकाशे तिने काढले आहेत. सुट्टीत गावी जाताना पुणे-नाशिक मार्गाने जाणाऱ्यांनी ते पाहण्यासारखे आहे.

महाकाय तारे अल्पायुषी. सूर्याचे आयुष्य सुमारे एक हजार कोटी वर्षांचे, तर यांचे काही दशलक्ष ते फार तर काही कोटी. अखेरीस ते स्फोट पावतात आणि आयुष्यभर घडविलेली मूलद्रव्ये अवकाशात उधळतात. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन मुख्यत्वे अशाच ताऱ्यांत घडलेला आहे. म्हणजे त्या मुलाने बोट दाखविले तो काळा पट्टा रिकामा तर नव्हेच. आपल्या श्वासाची कुळकथा अशाच काळोखात सुरू होते.

दोन महिने शाळा शिकलेल्या एका माणसाने ती कथा वाचण्याजोगी केली, आणि स्वतःची चूक कळताच, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, जगापुढे मांडली. आमची चूक त्यामानाने किरकोळ. ती कबूल करावयास आम्ही इतकी वर्षे लावू नयेत. तो मुलगा आता शिक्षणासाठी परगावी आहे. ही स्मरणिका त्याच्या हाती पडेल तेव्हा त्याने आमचे त्या रात्रीचे उत्तर खोडून हे वाचावे. इतर वाचकांना एवढीच विनंती, की आश्विनाच्या कृष्णपक्षात कधी शहराबाहेर जाणे झाले तर रात्र पडताच हंसापासून धनूपर्यंत आकाशगंगेवर नजर फिरवावी. मधला काळा पट्टा सापडला, की मुलांना तेथे काय आहे ते नीट सांगावे.